जपानमध्ये रामेनच्या दुकानात पहिल्यांदाच जाणार आहोत, सोबत शाकाहारी सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा

अनवट

नमस्कार मंडळी. एप्रिलमध्ये आम्ही चौघं जपानला निघालोय. नवऱ्याचं फुकुओकाला काम आहे, त्याला जोडून आधी टोकियो. मी, तो, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

मला रामेन, म्हणजे गरम रश्यातलं नूडल, खायचंय आणि ते नीट खायचंय. हॉटेलच्या बुफेतलं नको. तिथली माणसं कामावरून घरी जाताना ज्या दुकानात शिरतात, तिथे काउंटरवर बसून खायचंय. बरेच दिवस मनात आहे.

आता अडचणी. मी डुक्कर खात नाही, कोंबडी आणि मासे चालतात. नवऱ्याला सगळंच चालतं. सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, शिवाय बीपीची गोळी चालू. जपानी आम्हाला कोणालाच वाचता येत नाही आणि दारातच तिकिटाचं मशीन असतं म्हणे. एक मैत्रीण जाऊन आली, तिच्या म्हणण्याप्रमाणे आत कोणी फारसं बोलत नाही, वाडगा संपला की लगेच उठायचं. आमच्याकडे जेवायला बसलं की तासभर गप्पा. खरंच इतकी घाई असते का, आणि कशासाठी? सासूबाई काही न घेता नुसत्या शेजारी बसल्या तर चालेल? मुलाला माझ्यातलंच दिलं तर?

जे तिथे राहतात किंवा राहून आलेत त्यांनी सविस्तर सांगाल का?

---

हाकाताकर

अनवट, मी फुकुओकातच राहतो आणि रामेन हा माझा अतिशय जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी घाईचं, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप कळतं. काउंटरवर बसाल तेव्हा फोन बाजूला ठेवा आणि समोरच्या माणसाचे हात बघा. तुमचं तिकीट घेतलं की तो गरम पाण्यात ठेवलेला वाडगा उचलतो, पुसतो. तळाशी एक छोटी पळी तारे ओततो. तारे म्हणजे शोयूचा (सोया सॉसचा), मिठाचा किंवा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनचा) घट्ट अर्क, सगळा खारटपणा त्यात. त्यावर सुगंधी तेल किंवा चरबी. तोवर बाजूच्या उकळत्या पाण्यात, उभ्या जाळीच्या गाळण्यात, नूडल पडलेलं असतं. ते तयार व्हायला काही क्षण उरले की मग वाडग्यात रस्सा येतो, त्याच्या आधी नाही. गाळणं उचलून दोन-तीन जोरदार झटके, पाणी सगळं निथळलं पाहिजे, नाहीतर रस्सा पातळ होतो. नूडल रश्यात सोडून चॉपस्टिकने एकदा वर उचलून घडी घातल्यासारखं पसरायचं, वर मांसाचे काप, कांद्याची पात, अंडं. की वाडगा तुमच्यापुढे. नूडल पाण्यातून निघाल्यापासून इथपर्यंत अर्धं-पाऊण मिनिट लागत असेल.

आणि त्या क्षणापासून ते नूडल बिघडायला लागतं. गरम रश्यात बसून ते पाणी पितच राहतं. आमच्या हाकाताचं, म्हणजे फुकुओकाचं, नूडल बारीक आणि सरळ असतं, पिठात पाणी फार कमी घालतात, 100 भाग पिठाला 30 भागांच्याही आत. म्हणून ते अर्ध्या मिनिटाच्या आत शिजतं, आणि म्हणूनच झपाट्याने मऊही पडतं. पाच-सात मिनिटांनी जे उरतं ते त्या माणसाने तुमच्यासाठी केलेलं रामेन राहत नाही. कोणी बोलत नाही ते यामुळे. कोणी तुमच्याकडे डोळे वटारून बघणार नाही, हुसकावणार तर मुळीच नाही. फक्त तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं की वाडगा आत्ताच चांगला आहे. शिवाय दहा-बारा खुर्च्यांचं दुकान आणि 800 ते 1,200 येनचा वाडगा, खुर्च्या भरभर रिकाम्या झाल्याशिवाय त्याचं भागणार कसं?

भुरकण्याचंही तेच. आवाज करत ओढलं की सोबत हवा जाते, नूडल तोंडात येईस्तोवर सोसेल इतकं निवतं, आणि वरच्या तेलाचा वास नाकापर्यंत पोचतो. थोडेच धागे उचला, डाव्या हातात चमचा ठेवा. मुलाला हे शिकवावं लागणार नाही.

आता मशीन. बहुतेक दुकानांत दारातच असतं. आधी पैसे टाकायचे, मग बटणं उजळतात. काहीच वाचता आलं नाही तर डावीकडचं सगळ्यात वरचं बटण दाबा, दुकानाचं मुख्य रामेन बहुतेक तिथेच असतं. हल्ली पुष्कळ ठिकाणी पडद्याचं मशीन आलंय, त्यात इंग्रजीही असतं. 1,000 येनच्या नोटा आणि 100 ची नाणी जवळ ठेवा, 10,000 ची नोट जुनी मशीनं घेतच नाहीत. जुलै 2024 मध्ये नव्या नोटा आल्या, त्याही काही मशीनांना अजून चालत नाहीत. अशा वेळी आत बघून नोट दाखवा, ते बदलून देतात. सुटे परत घ्यायला काही मशीनांना वेगळी कळ किंवा बटण असतं, ते विसरू नका. रांग असेल तर आधी तिकीट की आधी रांग, हे दुकानागणिक बदलतं. पुढच्या माणसाच्या हातात तिकीट आहे का ते बघायचं. रांगेत एकाने उभं राहून बाकीच्यांनी नंतर येणं मात्र कुठेच आवडत नाही, सगळे एकत्रच उभे राहा.

सासूबाईंनी नुसतं बसणं काउंटरच्या दुकानात जमत नाही. माणशी एक वाडगा हा नियम जवळजवळ सगळीकडे आहे, खुर्च्याच इतक्या कमी. लहान मुलाला आईच्या वाडग्यातलं दिलेलं बहुतेक ठिकाणी चालतं, छोटी वाटी मागा, आनंदाने देतात. तरी काही चिंचोळ्या दुकानांत लहान मुलांना घेत नाहीत, दारावर तसं लिहिलेलं असतं.

खाऊन झालं की वाडगा समोरच्या उंच कट्ट्यावर ठेवायचा, तिथे फडकं असेल तर आपल्यापुढची जागा पुसायची आणि जाताना 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणायचं. हे जरूर म्हणा. आत तीन तास उभा असलेला माणूस मान वर करून उत्तर देतो, मला ते दर वेळी तितकंच आवडतं.

तुमच्या नवऱ्यासाठी एक खास. फुकुओकात आल्यावर नूडल किती कडक हवं ते विचारतील. नेहमीचं म्हणजे 'फुत्सू', थोडं कडक 'काता', त्याहून कडक 'बारीकाता'. पहिल्यांदा 'काता' सांगा. एवढ्याने पोट भरणार नाही, वाडगा मुद्दामच लहान असतो. रस्सा राखून ठेवायचा आणि चार धागे उरले असताना 'काएदामा' अशी हाक द्यायची, की नुसतं ताजं नूडल त्याच रश्यात आणून टाकतात, शे-दोनशे येनमध्ये. इथल्या नागाहामा भागाच्या मासळी बाजारातल्या माणसांना वेळ नसायचा, त्यांच्यासाठी ही पद्धत पडली. एकदम मोठा वाडगा दिला तर अर्धं नूडल मऊ पडणार, म्हणून दोनदा ताजं. मला विचाराल तर रामेनच्या जगातली ही सगळ्यात शहाणी सोय आहे. काउंटरवर लाल आलं, तीळ आणि तिखट ताकाना म्हणजे मोहरीच्या पाल्याचं लोणचं असतं. नवऱ्याला आधी दोन घोट नुसत्या रश्याचे घेऊ द्या. ताकाना पहिल्यापासून घातलं तर रश्याची चव कळणारच नाही.

शाकाहाराचं मी बोलत नाही, इथे तिळगूळ आहेत, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

---

तिळगूळ

हाकाताकर, आठवण ठेवलीत, आभार.

अनवट, मी स्वतः शाकाहारी आणि नोकरीनिमित्त टोकियोत राहून आलेली आहे. त्यामुळे स्पष्टच लिहिते. नेहमीच्या रामेनच्या दुकानात सासूबाईंसाठी काहीही नाही. भाज्यांचं रामेन म्हणून जे चित्र दिसतं, त्यात भाज्या वर आणि खाली रस्सा डुकराच्या हाडांचा किंवा कोंबडीचा. मिसो रामेनचंही तेच, मिसो सोयाबीनचं असलं तरी रस्सा हाडांचा. शोयू आणि शिओ, म्हणजे मिठाच्या, रश्यात सुके मासे, कात्सुओबुशी, निबोशी. मांस काढून द्या म्हटलं तर ते फक्त वरचे काप काढतात. त्यांचा काही दोष नाही, मागितलं तेच त्यांनी दिलं. पण घरी येऊन पदार्थाची यादी वाचल्यावर सासूबाईंना वाईट वाटेल, ते टाळा.

नूडलचा पिवळा रंग बघून अंडं असणारच असं धरू नका. तो रंग बहुधा कान्सुईचा, म्हणजे पिठात घातलेल्या क्षाराच्या पाण्याचा असतो, तारही त्यानेच येते. पण काही ठिकाणी अंडं घालतातही, म्हणून ज्या दुकानाने स्वतः व्हीगन लिहिलंय तिथेच खात्री.

तर तिथेच जा. टोकियो स्टेशनात, जेआर या रेल्वे कंपनीच्या फाटकांच्या आत, केइयो स्ट्रीट नावाच्या भागात 'टीज तानतान' आहे. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काहीच वापरत नाहीत. तिळाच्या दाट रश्यातलं तानतानमेन, थोडं तिखट, वर सोयाचा खिमा. ते मी भूक लागली म्हणून खाल्लंय आणि नुसतं आवडतं म्हणूनही खाल्लंय. शाकाहारी माणसाला काहीतरी उरलंसुरलं द्यायचं म्हणून केलेला पदार्थ नाहीये तो, मन लावून केलेला आहे. शेजारच्या टेबलांवर सगळं खाणारी जपानी माणसं बसलेली असतात. गाडीचं तिकीट असेल तर आत आहातच, नसेल तर प्लॅटफॉर्म तिकिटावर दोन तास आत राहता येतं. टेबलं आहेत, चौघं एकत्र बसाल. दुपारी बारा ते दीड टाळा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर मात्र आधी विचारून घ्या.

'आफुरी' या साखळीतही व्हीगन रामेन मिळतं, आणि त्यांचं मुख्य रामेन युझू या लिंबाच्या जातीच्या फळाचं, कोंबडीच्या हलक्या रश्यातलं. मात्र त्यात मासळीचा अर्क आणि वर डुकराचा काप असतो. तुम्हाला मासे चालतात, म्हणजे 'च्याशू नुकी दे ओनेगाइशिमास' म्हणून काप काढून घेता येतील. तरी तारे किंवा तेलात डुकराचं काही नाही ना, ते मशीनपाशीच विचारा. फोनवर जपानी वाक्य लिहून दाखवलं तर न कंटाळता सांगतात.

बीपीचं सगळ्यांसाठीच लिहिते. रस्सा पूर्ण प्यायला तर एका वाडग्यात सहज पाच-सहा ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. सासूबाईंनी नूडल आणि भाज्या खाव्यात, रस्सा चार चमचे चाखावा, बाकी ठेवून द्यावा. तिथे पुष्कळ माणसं रस्सा ठेवतात, त्यात अपमान कोणी मानत नाही. व्हीगन रश्यातही मीठ कमी नसतं, एवढं लक्षात असू द्या.

---

उत्तरायण

हाकाताकरांचं सगळं पटलं, पण पाच-सात मिनिटांचा हिशोब हाकाताच्या बारीक नूडलचा आहे. मी जपानच्या उत्तरेला साप्पोरोत शिकलो. तिथलं नूडल जाड, पिवळं, लाटेसारखं वळलेलं, पाणी जास्त घालून मळलेलं. ते बराच वेळ टिकतं. वर चरबीचा थर असतो, त्यामुळे रस्सा शेवटपर्यंत कढत. वाफ दिसत नाही आणि जीभ पोळते, मुलाला असं मिसो रामेन कुठेही दिलंत तर आधी वाटीत निववून द्या.

हळू खाणाऱ्यांनी टोकियोत त्सुकेमेन खावं असं मला मनापासून वाटतं. शिजवलेलं नूडल गार पाण्यात धुऊन वेगळ्या ताटलीत देतात, रस्सा वेगळ्या वाटीत, बुडवून खायचं. नूडल रश्यात बसतच नाही, त्यामुळे मऊ पडत नाही. टोकियोच्या ताइशोकेनमध्ये यामागिशी काझुओ यांनी 1955 मध्ये हे गिऱ्हाइकांसाठी सुरू केलं. त्याआधी ते दुकानातल्या माणसांचंच जेवण होतं. शेवटी उरलेल्या घट्ट रश्यात साधा गरम रस्सा ओतून देतात, 'सूप वारी' म्हणायचं, मग तो पितात. रस्सा बहुधा डुक्कर आणि मासळीचा असतो, त्यामुळे हे तुमच्या नवऱ्यासाठी. पण कोंबडीच्या रश्यातलं त्सुकेमेन करणारी दुकानंही टोकियोत आहेत, नकाशावर 'तोरी पाइतान' असं शोधा.

आणि मुलासाठी शिन-योकोहामाचं रामेन संग्रहालय. 1994 पासून आहे. तळघरात 1958 सालची गल्ली उभी केलीय, संध्याकाळचं आभाळ, जुन्या पाट्या, आणि त्या गल्लीत वेगवेगळ्या प्रांतांची खरी रामेनची दुकानं. 1958 का, तर त्याच वर्षी आंदो मोमोफुकू यांनी पहिलं झटपट रामेन बाजारात आणलं. तिथे लहान आकाराचा वाडगा मिळतो, म्हणजे दोन-तीन दुकानांची चव घेता येते. काही दुकानांत डुकराशिवायचं आणि व्हीगनही असतं, फलक बघा. फुकुओकाला शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, जाणार असाल तर ती शिन-योकोहामाला थांबतेच, सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका आणि जाऊन या.

---

अनवट

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! सासूबाईंना तिळगूळ यांचं उत्तर वाचून दाखवलं, त्या टीज तानतानचं नाव वहीत लिहून घेतायत. संग्रहालयही पक्कं, शिंकान्सेननेच जाणार आहोत.

एकच राहिलं. फुकुओकात नवरा कामाला गेल्यावर आम्ही तिघं. मला तिथे कोंबडीचं रामेन सहज मिळेल का? आणि संध्याकाळी तिथल्या हातगाड्यांवर सगळ्यांना घेऊन जायची इच्छा आहे.

---

हाकाताकर

खरं सांगतो, फुकुओकात रामेन म्हणजे डुकराच्या हाडांचा पांढरा रस्सा. कित्येक दुकानांच्या बाहेर गल्लीतच त्याचा वास येतो. कोंबडीच्या रश्याची दुकानं आहेत, पण शोधावी लागतात. तुम्ही तुमचं रामेन टोकियोत खाऊन या, अगदी पोटभर. इथे उदोन, म्हणजे गव्हाचं जाड नूडल, खा. हे मी नाइलाज म्हणून सुचवत नाही, इथली माणसं रोज दुपारी उदोनच खातात. हाकाताचं उदोन मऊसूत असतं, वर गोबोतेन म्हणजे गोबो या मुळाची तळलेली भजी, कुरकुरीत, हळूहळू रश्यात भिजत जाणारी. इथे बसून गप्पा मारल्यात तरी काही बिघडत नाही. रस्सा मासळीचा, म्हणजे तुम्हाला आणि मुलाला चालेल, सासूबाईंना नाही. हाकाता स्टेशनपासून चालत जाता येईल असं जोतेन्जी देऊळ आहे, जपानात उदोन आणि सोबा (बकव्हीटचं नूडल) इथून सुरू झालं असं सांगणारा दगड त्याच्या आवारात आहे. शांत जागा आहे, सासूबाईंना आवडेल.

हातगाड्या, म्हणजे याताइ, अंधार पडता पडता नाकासू आणि तेन्जिनला लागतात. एकेका गाडीला सात-आठ माणसं बसतात, सगळ्यांनी काहीतरी घ्यायचं असतं आणि सासूबाईंना खाता येईल असं तिथे फार थोडं. गाड्या लागतानाच जा, गर्दी व्हायच्या आत. बसायच्या आधी दर लिहिलेला फलक बघा. नवरा आणि मुलगा बसू देत, तुम्ही आणि सासूबाई नाकासूच्या नदीकाठाने फिरा, दिव्यांची रांग तिथून सुरेख दिसते. अर्ध्या तासात ते दोघं उठतील. मुलाला 'काएदामा' हाक मारायला आधीच शिकवून ठेवा, गाडीवाले लहान मुलांची हाक फार खूश होऊन घेतात.

सासूबाईंच्या जेवणासाठी, तुमचं हॉटेल कोणत्या भागात आहे ते कळवा, त्याप्रमाणे जवळची शाकाहारी जागा बघून सांगतो.